डाळिंबी टाकी

आमचं घर बोलकं होतं. आई पहाटे जात्यावर बसली की घरघरीवर आवाज चढवून भिंतीपलीकडच्या चुलतीशी गप्पा मारायची. आबा गोठ्यात बैलांना आदल्या दिवसाची सगळी हकिकत ऐकवायचे. आणि मी, शालन, घरातली धाकटी, अंगणात रांगोळी काढता काढता दोघांच्याही बोलण्यात तोंड घालायचे. अशा घरात माझा दादा, आनंदा, लढाई संपल्यावर परत आला आणि घरात एक मुकी जागा तयार झाली. विचारलं तर उत्तर द्यायचा, पण तेवढंच. "जेवलास का?" "व्हय." "आणिक वाढू?" "नगं." पलटणीत तो मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम करत होता आणि कुठल्याशा वाळूच्या मुलखात होता, यापलीकडं आम्हाला काही ठाऊक नव्हतं. गावात पलटणीतून परतलेले आणखीही होते. ते देवळापुढं बसून तोफांच्या गोष्टी सांगायचे, आणि सांगता सांगता तोफा दिवसागणिक मोठ्या व्हायच्या. दादा तिकडं फिरकायचा नाही. सकाळी उसाला पाणी पाजायला जायचा, दुपारी गोठ्याच्या सावलीत पडायचा, आणि आई दाराआडून त्याच्याकडं बघत राहायची.

मग एकदा तो पुण्याला म्हणून गेला आणि परत आला तो मोटारसायकलवर. लष्करानं मोडीत काढलेल्या गाड्या विकायला निघाल्या होत्या, त्यातली ती एक. ती गल्लीत शिरली तेव्हा कोंबड्या आढ्यावर चढल्या, म्हशीनं दावं तोडलं आणि आबा हातातली वैरण टाकून काठी शोधायला धावले. गाडी जुनीच होती, पण तिची पेट्रोलची टाकी काळीकुळकुळीत, नवी रंगवलेली होती. आमच्या गावापासून कोरेगावपर्यंत तेव्हा एखादी सर्व्हिस मोटार आणि डॉक्टरांची गाडी सोडली तर इंजिनाचा आवाज ऐकायला मिळायचा नाही. पेट्रोलही मिळता मिळत नसे. दादा त्यात रॉकेल मिसळायचा, आणि गाडी पांढरा धूर सोडत खोकत खोकत चालायची. आबांना ते बिलकूल पटलं नव्हतं. "बैल तरी शेणखत देतोय," असं म्हणायचे. आईचं मात्र गाडीवर पहिल्या दिवसापासून प्रेम बसलं. कारण तिच्या कानांनी एक टिपलं होतं: गाडी पुसायला बसला की दादा गुणगुणायचा. सूर धड नव्हता, शब्द तर नव्हतेच, पण गुणगुणायचा. "ऐकलंस का गं?" ती मला कोपरानं ढोसायची, आणि आम्ही दोघी चुलीपाशी श्वास धरून बसायचो. चुलीवरचं कालवण लागलं तरी तिला भान नसायचं.

त्याच सुमारास पलूसचे पाहुणे दादाला बघायला यायचे ठरले. चांगल्या घरची माणसं, उसाची जमीन बाळगून असलेली. आईनं घर डोक्यावर घेतलं. जमीन सारवली, घोंगडी झटकली, तांब्यापितळेची एकूण एक भांडी काढून अंगणात मांडली आणि चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसली. आईच्या घासण्याची ख्याती होती. तिनं घासलेल्या घागरीत बघून बायका कुंकू लावायच्या. दादा शेतावर गेला होता. भांडी संपली, हाताला जोर अजून शिल्लक होता, आणि समोर अंगणात गाडी उभी होती. टाकीवर प्रवासाची धूळ आणि तेलाचे ओघळ. आईनं पदर खोचला. मी त्या वेळी विहिरीवर पाणी आणायला गेले होते. परत आले तर आई टाकीपुढं उकिडवी बसून घामाघूम झाली होती आणि टाकी ओळखू येत नव्हती. निम्मा काळा रंग गेलेला, जिकडंतिकडं ओरखडे, आणि मधूनच मातकट पिवळसर ठिगळं वर आलेली.

"आई, हे गं काय केलंस?"

"आगं, काळं धुतलं तर खालनं मातकट निगालं. म्हटलं अजून घाण हाय. म्हणून आणखी जोरात घासलं!"

ते ऐकून मला हसूच फुटलं. तीही हसणार होती, तेवढ्यात दादा आला. आम्हाला वाटलं, आता ओरडणार. तो ओरडला नाही. टाकीजवळ गेला, त्या मातकट ठिगळावर हात ठेवला आणि तव्याला लागल्यासारखा मागं घेतला. मग गोठ्यातून पोतं आणून त्यानं टाकी झाकली आणि पुन्हा शेताकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा तो त्यांच्यासमोर मान खाली घालून बसला आणि एका प्रश्नालाही धड उत्तर दिलं नाही. जाताना मुलीच्या मामानं आबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पावनं, पोरगं बोलतंय न्हवं?" गुणगुणणं बंद झालं. गाडी पोत्याखाली उभी राहिली. आई जेवायला बसायची आणि घास हातात तसाच धरून म्हणायची, "वरडला असता तरी चाललं असतं. आईवर वरडाय काय हुतंय?"

पण आई रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिची धाकटी बहीण, माझी मावशी, सांगलीत होती. तिच्या गल्लीच्या तोंडाशी टांगे रंगवणारा एक पेंटर होता हे आईला आठवलं. तिनं दादापुढं उभं राहून सांगितलं, "टाकी काडून दे. मी बिगाडलीया, मीच नीट करून आणती." दादानं तिच्याकडं बघितलं. पान्हे घेतले, पेट्रोल डब्यात ओतून काढलं, टाकी सोडवली आणि तिच्या हातात दिली. फक्त एवढं म्हणाला, "काळाच द्या म्हनावं."

त्या आगगाडीच्या प्रवासाची आठवण झाली की मी आजही एकटीच हसते. नातसुना विचारतात, आजी काय झालं. आईनं टाकी जुन्या वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतली होती. कोरेगावला आम्ही गाडीत चढलो आणि समोर एक गुबगुबीत बाई पोरांबाळांसह बसली होती. तिनं आईच्या मांडीवरचं गाठोडं कौतुकानं न्याहाळलं.

"तुमचं व्हय वो?"

"न्हाई, आमच्या थोरल्याचं हाय," आई म्हणाली. तिच्या मनात टाकीच होती.

"नातू व्हय! झोपलाय जनू. एक हुंकार न्हाई."

आईनं माझ्याकडं बघितलं. खरं सांगावं तर एवढं लांबण कोण लावणार! "व्हय," ती म्हणाली, "लय गुणाचं हाय."

थोड्या वेळानं बाईनं नाक मुरडलं. "बाळाला काय चोळलंय वो? रॉकेलावानी वास येतोय."

"सर्दी झालीया," मी मध्येच तोंड घातलं. "छातीला लावलंय."

"अरं माज्या राजा," असं म्हणत ती बाई पुढं वाकली आणि तिनं गालगुच्चा घ्यायला हात घातला. तिच्या बांगड्या पत्र्यावर आपटल्या. टण्ण! डब्यातल्या सगळ्या माना वळल्या. त्या वर्षांत आमच्या भागात चळवळीच्या, बॉम्बच्या आणि पोलिसांच्या गोष्टी घरोघर चालायच्या. कोपऱ्यातले एक टोपीवाले गृहस्थ उठून पार दाराशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, ते फुटंलबिटंल का काय?" आईनं घाईघाईनं वाकळ उलगडून टाकी दाखवली आणि सगळी कथा सांगितली, चिंच आणि राखेसकट. डबा इतका हसला की गार्डानं पुढच्या स्टेशनवर डोकावून पाहिलं. त्या बाईनं फराळाच्या डब्यातले दाण्याचे लाडू काढून आम्हाला दिले आणि मिरजेला गाडी बदलताना टाकी स्वतः कडेवर घेऊन उतरली.

मावशीचं घर हळदीच्या पेठेत होतं. तिथं सगळंच पिवळं होतं. वाऱ्यात हळद, पायरीवर हळद, मावशीच्या लुगड्याच्या निऱ्यांत हळद. तिचे यजमान तात्या अडतीत हळद तोलायचे. संध्याकाळी घरी आले की लग्नातल्या नवरदेवासारखे दिसायचे. जेवायला ओल्या हळदीचं लोणचं, आमटीवर गुळाचा खडा, आणि रात्रंदिवस पोत्यांच्या ओझ्यानं करकरणाऱ्या बैलगाड्यांचा आवाज. मला ती पेठ फार आवडली. आमच्या गावात रस्त्यानं माणूस गेला की कोण गेला ते सांगता यायचं. इथं दिवसभर माणसं जात होती आणि कुणी कुणाचं नव्हतं, तरी सगळी एकमेकांशी बोलत होती.

दस्तगीर पेंटर त्या पेठेतला सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस असावा. अंगणात दोन टांगे चाकांविना उभे, भिंतीला रंगांच्या डब्यांची रांग, आणि मध्ये हा पान खात, स्वतःची तारीफ करत. आख्ख्या दक्षिणेत आपल्यासारखी रेघ मारणारा नाही, हे त्यानं आम्हाला बसायला पाट देण्याआधीच सांगितलं. मग टाकी बघितली आणि त्याच्या तोंडातलं पान थांबलं.

"या अल्ला! वाघानं चाटलंय काय हिला?"

"मी घासलीया," आई ताठ मानेनं म्हणाली. "राख, चिंच आन् शेंडी."

"वहिनी, तुमच्या हाताला सलाम. पण रंग माझा असता ना, तर तुमची शेंडी झिजली असती, रंग न्हाई!"

त्यानं पातळ सुरी घेऊन टाकीचा एक कोपरा खरवडला. काळा पापुद्रा सहज निघाला. खाली तोच मातकट पिवळा रंग, घट्ट बसलेला. "हे बघा," तो म्हणाला, "हा मिलिटरीचा रंग. वाळूत फिरणाऱ्या गाड्यांना देतात, दुरून दिसू नये म्हणून. हा काळा कुणीतरी वरनं घाईत फासलाय. अस्तर न्हाई, घासाई न्हाई. रंगवलं न्हाई हो, झाकलंय नुसतं. कुणाचं काम हे?"

"दादाचं," मी म्हणाले. "गाडी घरी आणायच्या आधी त्यानंच पुण्यात दिला."

आईनं बोट पुढं करून त्या मातकट रंगावरून फिरवलं, गंध लावताना फिरवतात तसं, हळू. "वाळूत व्हता त्यो," ती पुटपुटली. दस्तगीरलाही काहीतरी उमगलं असावं, कारण पहिल्यांदाच तो गप्प बसला. मला तेव्हा सोळावं लागलं होतं. पोत्याखाली दादानं गाडी का झाकली ते त्या अंगणात, टर्पेंटाइनच्या वासात, मला एकदम कळलं. तोवर मी आपली ओरखड्यांचाच विचार करत होते.

"सगळा काडा," आई म्हणाली. "एक टिपका ठिवू नगा."

"काढतो, पण सवडीनं. हे दोन टांगे आधी..."

"कागद द्या हिकडं."

आणि आई बसली. दस्तगीरनं तिला घासायचा कागद कसा ओला करायचा, कसा फिरवायचा ते दाखवलं, पण घासायचं कसं हे आईला शिकवायची गरज नव्हती. रोज सकाळी मावशीकडं भाकरी खाऊन आम्ही तिथं जायचो आणि आई त्या वाळूच्या रंगाशी झुंजायची. तो सहज निघत नव्हता. खाचाखोचांत, झाकणाच्या कडेला, खालच्या बाजूला दडून बसायचा, आणि आई बोटाला कागद गुंडाळून त्याला हुडकून काढायची. दस्तगीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बघा, साताऱ्याकडनं कारागीर मागवलाय!" शेवटी टाकीचा नुसता पत्रा उरला, पांढराशुभ्र. तिनं ती उन्हात धरून सगळीकडून बघितली आणि मग खाली ठेवली. "आता लावा," म्हणाली.

"काळा?" दस्तगीरनं विचारलं.

"व्हय, दादानं काळाच सांगितलाय," मी म्हणाले. पण आईची नजर अंगणातल्या टांग्यावर होती. त्याला आदल्याच दिवशी शेवटचा हात दिला होता. पिकल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा; लालभडक नव्हे, खोल, ओलसर लाल.

"त्यो," आईनं बोट दाखवलं.

"आई! दादा काय म्हणंल?"

"काळा झाकाय पायजे व्हता. आता झाकायचं काय ऱ्हायलंय?"

मला धाकधूक वाटत होती. एकदा बिघडलेलं पुन्हा बिघडवून घरी न्यायचं! पण आईपुढं बोलायची सोय नव्हती. दस्तगीरनं अस्तर दिलं, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, घासली, आणि डाळिंबी रंगाचा पहिला हात दिला. टाकी आडव्या बांबूला टांगली. तेवढ्यात पलीकडच्या वखारीत हळद पाखडायला सुरुवात झाली, वारा फिरला, आणि आम्ही बघत असताना ओल्या रंगावर हळदीची सडा घातल्यासारखी पखरण झाली. दस्तगीरनं वखारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळं पुन्हा घासावं लागलं. त्यानंतर प्रत्येक हात दिला की टाकी बांबूसकट मावशीच्या घरी न्यायची असं ठरलं. तिथं धूळ नसलेली एकच जागा होती, तात्यांची मच्छरदाणी. टाकी मच्छरदाणीत लटकली आणि तात्या बाहेर पडवीत घोंगडी पांघरून बसले. "मला डासांनी फोडून खाल्लं तरी चालंल," ते अंग खाजवत म्हणायचे, "पण टाकीबाईंना चावाय नको!" कृष्णेच्या काठचे डास म्हणजे काही साधे नव्हेत. बिचाऱ्या तात्यांनी तरीही एकदाही ती मच्छरदाणी परत मागितली नाही.

रंग वाळायची वाट बघताना मी रिकामी बसत नसे. दस्तगीरचा रेघ मारायचा ब्रश, खारीच्या शेपटीच्या केसांचा, लांबलचक, घेऊन फुटक्या पत्र्यावर रेघा ओढायचे. रांगोळीची सवय असल्यानं हात स्थिर होता. त्यानं एकदोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. सोनेरी रेघ मारायचा दिवस आला तेव्हा त्यानं टाकीच्या उजव्या अंगाला एका दमात रेघ ओढली, आणि ब्रश माझ्या हातात दिला. "डावी तू मार. श्वास सोडायचा न्हाई. कुणी विचारलं तर दोन्ही दस्तगीरच्या म्हणायचं." मी श्वास रोखला आणि ब्रश ओढत नेला. वळणावर जरासा हात थरथरला. दस्तगीर पुष्कळ वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आख्ख्या दक्षिणेत आता दोघं झाले." पुढं मी शाळेत चित्रकला शिकवली, गावोगावचे टांगे आणि दुकानांच्या पाट्या रंगवून दिल्या, लोकांनी कौतुकही केलं. पण त्या अंगणातलं ते वाक्य अजून कानात आहे.

कोरेगाव स्टेशनवर दादा बैलगाडी घेऊन आला होता. त्यानं वाकळेकडं बघितलं, विचारलं काही नाही. घरी अंगणात आईनं वाकळ सोडली. टाकी उन्हात झळाळली. आबा गोठ्यातून बाहेर आले आणि तसेच उभे राहिले. दादाचा चेहरा मला वाचता येईना.

"काळा सांगितला व्हता," तो म्हणाला.

"व्हय. मी ऐकलं न्हाई."

दादा टाकीभोवती एक फेरी मारून आला.

"खालचा?" त्यानं विचारलं.

"सगळा काडला, आनंदा. माज्या हातानं. पार पत्र्यापतुर."

दादा खाली मांडी घालून बसला. त्यानं टाकी उचलून मांडीवर घेतली, उलटी केली, झाकण उघडून कडेला नख लावून बघितलं, खालच्या खाचेत बोट घातलं. आईनं तिथलाही काढला होता. त्यानं टाकी पुन्हा सुलटी केली आणि डाव्या अंगाच्या रेघेवरून बोट फिरवत नेलं. वळणापाशी थांबला.

"पेंटरला हितं शिंक आलती काय?"

"माझी हाय ती रेघ!" मी उसळून म्हणाले.

आणि दादा हसला. आधी नाकातून, मग तोंडानं, मग पोट धरून. आम्ही तिघं वेड्यासारखी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचे दात एवढे पांढरे होते हे मी विसरून गेले होते. महिनाभरानं तो स्वतः त्याच गाडीवरून पलूसला गेला आणि मुलीच्या मामाशी तासभर उसाच्या भावावर वाद घालून आला. माझी वहिनी सांगायची, मामानं घरात येऊन जाहीर केलं, पोरगं बोलतंय, जरा जास्तच बोलतंय.

पण त्या दिवशी आधी टाकी बसली. पेट्रोल ओतलं. गाडी दोनदा खोकून सुरू झाली, तसं दादानं आईकडं बघून मागच्या सीटवर हात आपटला. "बस."

"मी? आरं, वेडा का खुळा?"

"बस म्हनतोय न्हवं."

"आगं, उतर खाली, लोकं बघत्यात," आबा म्हणाले, कारण ती एव्हाना बसलीही होती, एका अंगानं, पदर दातांत धरून, एक हात दादाच्या खांद्यावर.

"बघू द्यात की," आई म्हणाली.

गल्लीतली कुत्री आणि पोरं पाठी लागली. गाडी कोरेगावच्या रस्त्याला लागली आणि आवाज उसाच्या फडामागं विरत गेला. आबा आणि मी उंबऱ्यावर बसून राहिलो. आबा दर थोड्या वेळानं उठून रस्त्यापर्यंत जाऊन यायचे आणि "पडलं काय कुठं खुळ्यावानी," असं स्वतःशी म्हणायचे. दिवेलागण झाली. मी चूल पेटवून भाकरी थापायला घेतली तेव्हा कुठं गाडीचा आवाज आला.

आई आत आली. केसांत धूळ, डोळे लाल, अंबाडा सुटलेला. माठातलं पाणी घटाघटा प्यायली आणि माझ्याशेजारी टेकली.

"एवढा येळ कुठं व्हता गं?"

"वड्याच्या पुलावर बसलो व्हतो."

"आन् काय करत व्हता तितं?"

ती चुलीतल्या जाळाकडं बघत होती. "आनंदा बोलत व्हता," म्हणाली. "लय बोलला गं. लय बोलला."

काय बोलला ते तिनं सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. तिनं माझ्या हातातला पिठाचा गोळा काढून घेतला, दोन्ही हातांनी भाकरी थापायला लागली, आणि बाहेर अंगणात दादा आबांना गाडीवर बसायला शिकवत होता.